पावाच्या गाडीतली गादी

मी काकांच्या घरी भाड्याने राहायला गेले त्याच आठवड्यात त्यांनी माझं माप घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून चहा पीत होते. काका एक बारीक काठी घेऊन आले, माझ्या पायाशेजारी जमिनीवर उभी धरली, वाकून गुडघ्याच्या उंचीला पेन्सिलीने खूण केली, स्वतःशीच मान हलवली आणि मागच्या अंगणात निघून गेले. गावाहून नुकतीच आलेली मी कप हातात धरून तशीच उभी राहिले. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून काकूंचा आवाज आला. घाबरू नको, म्हणाल्या, तुझ्यासाठी स्टूल करतायत. या घरात राहायला येणाऱ्या प्रत्येकाला करतात, आणि नको म्हटलंस तरी करतीलच.

स्टूल झालं. ते माझ्यासमोर ठेवून काका फक्त "बसून बघ" म्हणाले. बसले तर तळपाय जमिनीवर असे सपाट टेकले की मला त्या क्षणी कळलं, आजवर मी बसले त्या सगळ्या खुर्च्या दुसऱ्याच कुणाच्या होत्या.

हे ऐंशीच्या दशकातलं मुलुंड. पूर्वेला तेव्हा बैठ्या घरांच्या रांगा अजून शिल्लक होत्या. काका-काकूंचं घर अशाच एका रांगेत टोकाला होतं. मी घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून लागले होते, आणि त्यांची आतली खोली मला मिळाली होती. त्यांना मूलबाळ नव्हतं. आख्खी गल्ली त्यांना काका आणि काकू म्हणायची, मीही तेच म्हणू लागले.

काका भांडुपच्या एका ओतकामाच्या कारखान्यात साचे करायचे. लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याची आधी लाकडात प्रतिकृती करतात. ती वाळूत दाबली की वाळूत पोकळी उरते, आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. काकांचं काम त्या लाकडाचं. पण ही प्रतिकृती अगदी तंतोतंत करून चालत नाही, कारण लोखंड थंड होताना आटतं. म्हणून लाकूड जरासं मोठं ठेवावं लागतं. त्यासाठी या लोकांची फूटपट्टीच निराळी असते. तिच्यावरचा इंच बाजारातल्या इंचापेक्षा केसभर मोठा. काकांकडे अशी एक पट्टी होती आणि ती ते घरातही वापरायचे. शेजारच्या वहिनींनी एकदा ती पट्टी नेऊन पडद्यांचं कापड बेतलं आणि पडदे जमिनीवर लोळायला लागले. वहिनी भांडायला आल्या की तुमची पट्टी खोटी आहे. काकांनी शांतपणे सांगितलं की पट्टी खरी आहे, दोन वेळा धुवा, पडदे जागेवर येतील. आणि आले.

त्यामुळे कशाचंही माप निघालं की काकांचा एक प्रश्न ठरलेला असे. "आटणं धरलंय का?" स्वेटर विणणाऱ्या बाईला ते हे विचारायचे. घर बांधायला निघालेल्या माणसालाही विचारायचे. तो बिचारा बघतच राहायचा.

'स्टँडर्ड साइज' हा शब्द मात्र त्यांना चालत नसे. त्यांचा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा मोठा होता आणि त्यावरून चपलांच्या दुकानात त्यांचे वाद झालेले होते. शेवटी त्यांनी रबरी टायरच्या चपला स्वतःच कापल्या, दोन पायांच्या दोन मापांच्या. जगात स्टँडर्ड माणूस आपण अजून पाहिलेला नाही, पाहिला तर त्याचा फोटो काढून ठेवू, असं ते म्हणायचे.

काकूंचं सांगायला हवं. तरुणपणी त्यांच्या मणक्याला क्षय झाला होता. आजार बरा झाला, पण पाठ कायमची गेली. आधार घेऊन न्हाणीघरापर्यंत जायच्या, पण पाठ टेकून किंवा न टेकून थोडं जास्त बसलं की कळ उठायची. डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला होता. बस नको, ट्रेन नको, बसायचंच नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीशी एक अरुंद लोखंडी पलंग होता, त्याच्यावर फळी आणि फळीवर पातळ कडक गादी. तिथून काकू घर चालवत. कुशीवर वळून सुपात तांदूळ निवडत, भाजी चिरत, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलत. स्वयंपाक काका करायचे, पण मीठ किती ते पलंगावरून ठरायचं.

काका खाली चटईवर झोपत. काकूंना रात्री हाक मारायचा संकोच वाटे, म्हणून काकांनी एक सुतळी केली होती. तिचं एक टोक काकूंच्या उशीखाली, दुसरं काकांच्या मनगटाला. मला हे माहीत नव्हतं. एका सकाळी काका सुतळीसकट उठून दूध घ्यायला निघाले आणि काकूंची उशी त्यांच्यामागे दारापर्यंत गेली, तेव्हा मला समजलं. काकू इतक्या हसल्या की त्यांना धरावं लागलं.

काकूंचं माहेर मालवणच्या बाजूचं. तिथे त्यांचा थोरला भाऊ होता. त्याला वयामुळे मुंबईला येणं जमत नव्हतं, आणि काकूंना जाणं. कित्येक वर्षं दोघं एकमेकांना भेटले नव्हते. काकू हे सहज सांगत, हवापाणी सांगावं तसं. तक्रार म्हणून कधी नाही.

पुढे काकांचा कारखाना बंद पडला. गल्लीतली बरीच माणसं त्या वर्षांत अशी घरी बसली होती. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झालं. काकांनी काय केलं, तर कुठूनतरी पाववाल्याची एक जुनी बंद गाडी आणून घरासमोर उभी केली. बेकरीतून दुकानांना पाव पोचवणाऱ्या असतात तशी, पत्र्याची, खिडक्या नसलेली. रंग उडालेला, आतल्या फळ्या काढलेल्या, आणि दार उघडलं की गल्लीभर पावाचा वास. दोन दिवस कुत्री तिच्याभोवती बसून होती.

काकांनी गल्लीला काही सांगितलं नाही, काकूंनाही नाही. संध्याकाळी चहा देता देता मला मात्र म्हणाले की हिला भावाकडे न्यायचंय. बसून जाता येत नाही ना, मग झोपून जाईल. त्यांना ते इतकं सोपं वाटत होतं की मलाही क्षणभर सोपं वाटलं.

मग गाडीवर काम सुरू झालं. आधी खिडक्या. काकांनी एका बाजूचा पत्रा कापून लांबट खिडकी केली, पण ती केली चाकाच्या थोडीशीच वर, रस्त्यावरच्या माणसाच्या मांडीला येईल अशी. गल्लीतल्या लोकांना वाटलं, काकांचं माप पहिल्यांदा चुकलं. जो तो येऊन सांगून जाई की काका, खिडकी फार खाली झाली. काका म्हणत, बघणारं माणूस आडवं आहे. तरीही काही लोकांच्या ते डोक्यात शिरलं नाही. मला मात्र ती खिडकी पाहून लगेच कळलं. घरातल्या खिडकीतून काकूंना इतकी वर्षं दिसत होते ते फक्त लोकांचे खांदे आणि डोकी.

पण खिडकी कापली गेल्यावर गादीचा प्रश्न अटीतटीचा झाला. गादी पातळ झाली तर काकूंना नुसतं आभाळ दिसणार, जाड झाली तर नुसती रस्त्याची कड. शिवाय मऊ झाली तर पाठ जाणार. लांबी, रुंदी, जाडी, तिन्ही मापं एकदम जमायला हवी होती, आणि गाडीत चाकांवरचे दोन उंचवटे आत घुसलेले होते ते वेगळेच.

काका मला घेऊन घाटकोपरला एका फोमच्या गाद्यांच्या दुकानात गेले. तेव्हा फोम नवीन होता, लोकांना त्याचं फार कौतुक. काकांनी दारात चपला काढल्या आणि सरळ काचेमागे मांडलेल्या गादीवर जाऊन झोपले. उताणे, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. बाहेर माणसं थांबून बघायला लागली. मी दुसरीकडे बघत उभी. दुकानदार आला आणि म्हणाला की काका, सिंगल आहे, डबल आहे, स्टँडर्ड साइज आहे सगळा. तो शब्द त्याने उच्चारायला नको होता. पुढचा बराच वेळ काका झोपल्या जागेवरून त्याला समजावत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, ही गादी माणसाला गिळते, आमचं माणूस आधीच थोडं आहे.

मग त्यांना कोणीतरी सांगितलं की गाडीत झोपायचं कसं ते ट्रकवाल्यांना विचारा. काका चेकनाक्यावर गेले. तिथे जकातीसाठी ट्रकांची रांग लागलेली असे. ड्रायव्हरच्या मागे झोपायला जी फळी असते ती काका रोज जाऊन बघत. विचारून वर चढत, आडवे होत, चारी बाजूंनी हात लावून बघत. सुरुवातीला लोकांना वाटलं, जकातीचा साहेब आहे. नंतर ओळख झाली, चहा होऊ लागला. एका पंजाबी ड्रायव्हरने त्यांना एक गोष्ट सांगितली ती काकांनी घरी येऊन मला सांगितली: फळी अरुंद हवी. घाटात वळणं येतात तेव्हा रुंद गादीवर माणूस लोळतो, अरुंद फळीवर दोन्हीकडे खांदे टेकतात आणि माणूस जागेवर राहतो. काकांना हे पटलं. गादी एकट्या काकूंच्या अंगाबरोबर करायची ठरली, आणि उरलेल्या जागेत येण्याजाण्याची वाट आणि एक कपाट. ते कपाट त्यांनी सागवानाचं केलं. स्टोव्हला कप्पा, औषधांना कप्पा, पाण्याच्या कळशीला गोल बसकण. मी आजवर पाहिलेलं ते सगळ्यात सुंदर कपाट होतं.

गाडी चालवायला ते पन्नाशीनंतर शिकले. लायसन मिळालं, तरी त्यांचं समाधान होईना. एक दिवस त्यांनी गाडीत मागे पाण्याने काठोकाठ भरलेलं पातेलं ठेवलं, शेजारी मला बसवलं आणि मुलुंड ते भांडुप नेऊन आणलं. पाणी सांडतं का ते मी बघायचं. सांडत होतं, आणि ते सगळं माझ्या साडीवर. काका पुढून विचारत, "सांडलं?" मी म्हणे, "सांडलं." मग ते आणखी हळू चालवत. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात. असं कितीतरी रविवार चाललं, आणि मग एका रविवारी मी कोरडी परत आले.

गादी कापसाचीच करायची ठरली. पिंजारी गल्लीत येऊन धनुष्यासारखी पिंजण वाजवत जायचा, त्याला काकांनी अंगणात बसवलं. दिवसभर कापूस उडत होता, तुळशीवर, कपड्यांवर, काकूंच्या खिडकीच्या गजांवर. पिंजाऱ्याने सांगितलं, नवी गादी फुगलेली असते, वर्षभराने बसते. काका म्हणाले की मला वर्षभर थांबता येत नाही, आटून झालेली गादी आज हवी.

मग त्यांनी ती गादी ओसरीवर घातली आणि गल्लीतल्या बायकांना दुपारची झोप घ्यायला बोलावलं. प्रत्येकीने येऊन झोपायचं, म्हणजे गादी बसेल. पहिल्या दिवशी कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या, घरातल्या कटकटीतून सुटका म्हणून. मग पाळ्याच लागल्या. रात्रपाळी करून आले की मीही तिथेच पडायची. काकू खिडकीतून कोण किती वेळ झोपलं ते सांगायच्या आणि कोण घोरतं तेही. काका रोज संध्याकाळी कडेला पट्टी लावून जाडी बघत. मला वाटतं, ते दिवस त्या गल्लीचे फार चांगले दिवस होते.

याच दिवसांत एका दुपारी काकूंनी मला जवळ बोलावलं. काका बाजारात गेले होते. काकू म्हणाल्या की मला जायचं नाहीये गं. मला वाटलं, पाठीची भीती असेल. तसं नव्हतं. त्यांना भावाला भेटायचं होतं, फार भेटायचं होतं. पण वाटेत गाडी जागोजागी थांबणार, आणि त्या खिडकीतून लोक आत बघणार. पूर्वी एकदा त्यांना अशाच गाडीत आडवं घालून हॉस्पिटलला नेलं होतं. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा एका बाईने आत डोकावून हात जोडले होते. "मी जिवंत होते," काकू म्हणाल्या, "आणि ती मला नमस्कार करत होती."

मी म्हटलं, काकांना सांगा. त्या म्हणाल्या, कसं सांगू, तो माणूस किती वर्षांनी शीळ घालत काम करतोय.

गादी बसली. काकांच्या मनासारखी झाली. एका सकाळी आम्ही ती गाडीत घातली. चाकावरच्या उंचवट्याशी जिथे खाच ठेवली होती तिथे ती अशी जाऊन बसली की काकांनी तिच्यावरून हात फिरवला. मग काका आणि शेजारच्या वहिनींचा नवरा यांनी काकूंना खुर्चीतून उचलून बाहेर आणलं आणि मागच्या दारातून गादीवर निजवलं. गल्ली जमली होती. काकूंनी डोळे मिटून घेतले होते ते फक्त मी पाहिलं.

काका बाहेरच्या बाजूने खिडकीशी उकिडवे बसले. दोघांची तोंडं समोरासमोर, मधे फक्त खिडकी.

"दिसतंय?" काकांनी विचारलं.

काकूंनी डोळे उघडले. समोर काका, त्यांच्यामागे लोकांचे पाय, पायांमधून पलीकडचं अंगण, तुळस, वहिनींची मांजर.

"दिसतंय."

"पाठीला कशी आहे?"

"पाठीला बरी आहे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पण लहान आहे."

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी टेप काढला, आत शिरले, डोक्याकडे बघितलं, पायाकडे बघितलं. सगळं जागच्या जागी होतं.

"माझ्यापुरती बरोबर आहे," काकू म्हणाल्या. "तुमी खंय निजतलात?"

काकू मालवणीवर आल्या की विषय गंभीर आहे हे गल्लीलाही माहीत होतं. वहिनी हळूच मागे सरल्या आणि बाकीच्यांना घेऊन गेल्या. मी निघाले तर काकूंनी हाताने थांबवलं.

काका म्हणाले की मी काय, ड्रायव्हरच्या सीटवर झोपेन, नाहीतर खाली चटई टाकेन, सवयच आहे. काकू म्हणाल्या, मग मी येत नाही. काकांनी घाटाचं सांगितलं, वळणांचं सांगितलं, ट्रकवाल्यांचं सांगितलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. आणि मग जे त्या मला म्हणाल्या होत्या ते त्यांनी काकांना सांगितलं, सिग्नलच्या बाईसकट. ती गोष्ट काकांना माहीत नव्हती. ते तेव्हा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते.

"एकट्या बाईला आडवी घालून नेली की ती पेशंट," काकू म्हणाल्या. "दोघं आडवी असलो तर काय, वाटेत जरा पडलेली माणसं. बघू देत कोण बघायचं ते."

 काका आपल्या सागवानी कपाटाकडे बघत होते. दुसरी गादी घालायची तर तेच काढावं लागणार होतं. आजही मला वाटतं, त्या कपाटाचं दुःख त्यांना तेव्हा झालं नाही. मागाहून कधीतरी झालं असेल. तेव्हा त्यांना काहीतरी दुसरंच होत होतं.

काकू मला म्हणाल्या, "टेप घे त्यांच्याकडून. त्यांचं माप घे."

आख्ख्या गल्लीची मापं घेणाऱ्या त्या माणसाला स्वतःचं माप देता येत नव्हतं. गाडीच्या पत्र्याला पाठ लावून उभे राहिले खरे, पण हात कुठे ठेवू ते विचारायला लागले. मग श्वास रोखून धरला. मी खांदे मोजले, मग उंची मोजली. आपण बऱ्यापैकी उंच आहोत अशी त्यांची समजूत होती. मी आकडा सांगितला तर म्हणाले, पुन्हा बघ. मी पुन्हा बघितलं, तेवढाच आला.

आतून काकूंचा आवाज आला, "आटलात."

काका हसले. मग पत्र्याला डोकं टेकून तसेच उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी टेप गुंडाळत बसले.

दुसऱ्या दिवशी कपाट निघालं. वहिनींना ते आवडलं होतं, काकांनी त्यांना देऊन टाकलं. पिंजारी परत आला. काकांची गादी काकूंच्या गादीला लागून बसेल अशी केली, पण दोन घड्यांची. गाडी चालू असताना ती दुमडून काकूंच्या कुशीला लावायची, म्हणजे वळणावर त्या लोळणार नाहीत. गाडी थांबली की उलगडायची. दोन्ही पसरल्या की गाडीत पाय ठेवायला जागा उरत नव्हती. मागचं दार उघडलं की समोर सगळी गादीच.

काकांची गादी बसवायला वेळ नव्हता. ती तशीच फुगलेली राहिली, आणि काका काकूंपेक्षा थोडे वर झोपणार हे उघड होतं. पहिल्यांदाच त्यांनी एखादं माप आहे तसं सोडून दिलं.

डिसेंबरात ती दोघं निघाली. गल्लीतून बाहेर पडेपर्यंत गाडी इतकी हळू चालली होती की वहिनी शेजारून चालत कोपऱ्यापर्यंत काकूंशी गप्पा मारत गेल्या, वाकून, खिडकीत बघत. आठवड्याभरात येतो म्हणाले होते, महिना उलटून गेल्यावर आले. काकूंचा खिडकीकडचा गाल उन्हाने काळवंडला होता आणि त्या अखंड बोलत होत्या. भाऊ भेटला होता. पाठीला त्रास नको म्हणून त्याने बहिणीला घरात नेऊ दिलं नाही म्हणे, स्वतःच येऊन गाडीच्या दारात बसायचा. काका घरच्या माणसांबरोबर ओटीवर गप्पा मारायचे आणि ही दोघं भावंडं तिथेच दिवसदिवस बोलायची.

त्यानंतरही ती गाडी बरीच वर्षं फिरली. माझं लग्न झालं, मी नाशिकला गेले. काकू गेल्याचं मला वहिनींनी कळवलं. काका पुढे त्या गाडीतून कोणा कोणाला पोचवत असत म्हणे. मांडीचं हाड मोडलेले म्हातारे, दिवस गेलेल्या आणि हलू नको म्हणून सांगितलेल्या मुली, ज्यांना बसवत नाही अशी माणसं. सोबत येणाऱ्याशिवाय ते कोणालाही नेत नसत. मी एकदा भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला आधी उभं केलं आणि खालपासून वरपर्यंत बघितलं. बाळंतपणात तू थोडी रुंद झालीस, म्हणाले. मला राग आला नाही.

पण पहिल्या प्रवासातली एक गोष्ट काकूंनी मला सांगितली होती. ती दोघं कोकणातून परत आली त्याच दिवशी, काका दूध आणायला गेले असताना.

जाताना माणगावच्या पुढे नदीकाठी एक मोठं झाड दिसलं म्हणून काकांनी गाडी थांबवली. दुपार होती. आता पाच मिनिटं पाठ टेकतो, म्हणाले, आणि आपली घडी उलगडून काकूंच्या शेजारी आडवे झाले. आणि झोपले. काकू म्हणाल्या, इतक्या वर्षांत मी त्यांना दिवसाउजेडी झोपलेलं पाहिलं नव्हतं. रात्री पाहायचं तर ते खाली, मी वर, आणि मला वाकता येत नाही. त्यांच्या कानामागे एक तीळ आहे तो मी विसरून गेले होते.

नदीवर धुणं घेऊन चाललेल्या दोनतीन बायका गाडीजवळ आल्या. पावाच्या गाडीला इतक्या खाली खिडकी कशी म्हणून त्यांना नवल वाटलं असावं. त्यांतली एक वाकली आणि तिने आत पाहिलं. काकू म्हणाल्या, मला सिग्नलची ती बाई आठवली. पण डोळे मिटले नाहीत.

त्या बाईने काकूंकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून तिने काकूंना विचारलं, "काय झालंय त्यांना?"

मी काकूंना विचारलं, मग तुम्ही काय सांगितलंत?

"म्हटलं, काही नाही झालेलं, गाडी चालवून दमलेत. भावाकडे चाललोय आम्ही." काकू सांगता सांगता हसत होत्या. "तर ती बाकीच्या बायकांना म्हणाली, हळू चला गं, माणूस झोपलंय. आणि मला म्हणाली, झोपू द्या त्यांना, उठवू नका."

"मग?"

"मग काय," काकू म्हणाल्या. "ऊन कलेपर्यंत उठवलं नाही."